धाकूच्या अंघोळीचं पाणी

निवृत्त पोलिसाला गावात दोनच कामं उरतात, असं गोव्यातल्या चोपड्यात गमतीनं म्हणायचे: मासे गरवायचे, आणि मासे लागले नाहीत की नदीवर संशय घ्यायचा. गोकुळदास पेडणेकर दोन्ही कामं मन लावून करत. सारा जन्म गुन्हे शाखेत काढलेला माणूस. पण आता पाववाल्या पोदेराच्या सायकलीचा भोंगा ऐकून फाटकाशी यायचं, दोन उंडे घ्यायचे, एक चहात बुडवून खायचा आणि दुसऱ्याचा मऊ गर खिशात घालून शापोरा नदीच्या काठी गरी टाकून बसायचं, एवढाच त्यांचा दिवस होता. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नव्हतं. नदी बोलत नाही, पण ऐकून घेते, तेवढं त्यांना पुरे होतं.

पौषातली सकाळ होती. पाण्यावर धुकं इतकं दाट की पलीकडचं शिवोली दिसत नव्हतं, नुसती फेरीबोटीच्या इंजिनाची घरघर ऐकू येत होती. फेरी धक्क्याला लागली, माणसं उतरून आपापल्या वाटेनं गेली, आणि एक माणूस आपल्या मागे येऊन थांबल्याचं गोकुळदासांना न बघताच कळलं. काही सांगायला आलेलं माणूस आणि काही लपवायला आलेलं माणूस वेगवेगळं उभं राहतं. हे सांगायला आलेलं होतं. त्यांनी वळून पाहिलं तर विशीच्या आतली एक मुलगी, हातात कापडी पिशवी, ओठ गच्च मिटलेले.

“मी अंकिता,” ती म्हणाली. “सुर्ल्याच्या धाकूचा चेडू.”

धाकूची मुलगी. गोकुळदासांनी गरी गुंडाळायला घेतली. आज मासे लागणार नव्हते.

न उलगडलेली प्रकरणं प्रत्येक पोलिसाच्या पदरी असतात, त्यांच्याही होती. बाकीची कचेरीच्या कपाटात राहिली. धाकूचं मात्र त्यांच्या अंगात राहिलं होतं, जुन्या ठेचेसारखं, थंडी पडली की ठणकणारं.

धाकू मूळचा सातार्ड्याचा, म्हणजे पेडण्याहून नदी ओलांडली की पलीकडच्या महाराष्ट्रातला. बायको पार्वती आणि लहानग्या अंकिताला घेऊन तो डिचोलीच्या खाणपट्ट्यात, सुर्ल्याला आला आणि खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर झाला. खाणीवर माल भरायचा, नदीच्या धक्क्यावर मालवाहू बार्जेसाठी ओतायचा, परत फिरायचं. साधा, कमी बोलणारा माणूस. शहाऐंशीच्या डिसेंबरात गोव्याला भाषेचं वारं लागलं होतं. कोंकणी की मराठी, यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाला होता, रस्त्यावर झाडं आडवी पडत होती, टायर जळत होते. अशा एका दुपारी धाकूचा भरलेला ट्रक सुर्ल्याच्या रस्त्याच्या कडेला उभा सापडला. इंजिन चालू होतं. समोरच्या काचेपाशी एक घास खाल्लेला उंडा होता. आणि केबिनच्या दाराखाली, जमिनीवर, त्याच्या वाहाणा जोडीनं नीट ठेवलेल्या होत्या.

त्या वाहाणांनीच सगळा घोळ केला. ट्रक म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पाय ठेवायच्या आधी धाकू वाहाणा काढायचा, वर चढायचा आणि मग वाकून त्या आत घ्यायचा, असं सगळे ड्रायव्हर सांगत होते. म्हणजे वाहाणा खाली, तर माणूस वर चढलेला होता. उतरल्याची खूण कुठेच नव्हती. त्या मऊ लाल धुळीत पाखराचंसुद्धा पाऊल उमटतं, पण अनवाणी माणसाचं एकही पाऊल ट्रकापासून दूर जात नव्हतं. कोणी म्हणालं, सीमेपलीकडचा म्हणून त्याला कोणीतरी उचलला. कोणी म्हणालं, दंग्याला भिऊन घरी पळाला. गोकुळदासांनी दोन्ही बाजूंची माणसं तपासली, सातार्ड्याला खेपा घातल्या, डोंगर पालथे घातले, पाण्यानं भरलेल्या जुन्या खाणींत लोखंडी गळ सोडले. पुढच्या मे महिन्यात गोवा राज्य झालं. पणजीत फटाके वाजत होते तेव्हा हे सुर्ल्याच्या एका खाणीच्या काठावर उभे राहून हिरव्या पाण्यातून गळ वर ओढत होते. गळाला एक फाटका टायर लागला. मग बदली झाली, मग निवृत्ती. सुर्ला सोडताना ते पार्वतीला म्हणाले होते, त्याचं काय झालं ते मीच येऊन सांगेन. माणूस निघताना असं काहीतरी बोलतोच. पार्वती तेव्हापासून त्या शब्दावर बसून होती.

अंकितानं नदीकाठी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिचं लग्न ठरत आलं होतं. डिचोलीचं दुकानदाराचं घर, मुलगा चांगला, माणसंही वाईट नव्हती. पण त्यांच्या घरातल्या वडीलधाऱ्यांची एक अट होती. मुलीचा बाप आहे म्हणा किंवा नाही म्हणा, मधलं काही नको. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा पानांचा पुतळा करून जाळता येतो, मग तो गेला असं धरतात, हे शास्त्रच आहे. भटजी तयार होते, अग्नी द्यायला धाकूचा चुलतभाऊ विठू सातार्ड्याहून यायला तयार होता. अडून बसली होती ती एकटी आई.

“आई म्हणता, साहेबान येवन सांगल्याशिवाय मी कुंकू पुसूचंय नाय.” तिनं पाण्याकडे बघत आवाज खाली आणला. “तुमी फकत सांगा, काका. ती आजून रोज तेच्यासाठी न्हावचा पाणी तापवता...”

गोकुळदास म्हणाले की मला स्वतःलाच माहीत नाही, मी सांगू काय? तिनं नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. आरोपी तसा बघतो, शिक्षा ऐकायच्या आधी.

दुसऱ्या दिवशी ते सुर्ल्याला गेले. फेरी, शिवोलीहून म्हापशाची बस, तिथून डिचोलीची, तिथून सुर्ल्याची. डिचोली मागे पडली की झाडांचा रंग बदलत जातो. हिरव्यावर लाल साय धरते, मग लालच उरतो. भर दुपारची वेळ. रस्त्यानं खनिजाचे ट्रक एकामागून एक जात होते, आणि प्रत्येक ट्रकागणिक घरांच्या कौलांतून बारीक धूळ खाली झरत होती. पार्वतीची खोली रस्त्यालगतच होती. ट्रक गेला की फळीवरची भांडी किणकिणत, आणि तो दूर गेला की एक वेगळीच शांतता पडे. त्या शांततेत ओल्या लोखंडासारखा वास येत होता.

पार्वती पन्नाशीची नव्हती, पण केस सगळे पिकले होते. कपाळावर कुंकू मात्र ठसठशीत, नव्या नवरीनं लावावं तसं. तिनं साहेबांना पाट दिला, गूळ आणि पाणी ठेवलं, अंकिताला काहीतरी निमित्त सांगून शेजारी पाठवलं. मग भिंतीला टेकून बसली आणि इतक्या हळू बोलायला लागली की मधेच ट्रक गेला की तिचे शब्द बुडून जात.

“तो येता, साहेबानू.”

गोकुळदासांनी विचारलं, कोण?

“तोच. पहाटेचो येता. मोरयेत न्हाता आनी जाता. बोलणा नाय. मी डोळे मिटून पडान रवतंय.”

खनिजाचा ड्रायव्हर घरी येतो तो नखशिखान्त लाल होऊन. दाराशी आल्या आल्या त्याला आधी ऊन पाणी लागतं, मग जेवण. सुर्ल्यातल्या प्रत्येक घरची ही रीत. धाकू गेला त्या संध्याकाळीही पार्वतीनं चुलीवर पाणी ठेवलं होतं, आणि तेव्हापासून एक दिवस चुकला नव्हता. दिवेलागणीला ती पाणी तापवून मोरीत नेऊन ठेवी, वर ताट झाकी. सकाळी ताट बाजूला काढलेलं असे, भांडं निम्मं रिकामं असे, आणि उरलेलं पाणी लाल असे.

गोकुळदास उठून मोरी बघून आले. अर्ध्या भिंतीची आडोशाची जागा, वर कौलं, कोपऱ्यात अल्युमिनियमचं मोठं पातेलं. मोरीचा दगड लालभडक झाला होता. पण सुर्ल्यात लाल नाही असं काय असतं? इथे ताटातला भातसुद्धा लाल होतो. ताट मांजर पाडत असेल, पाणी पातेल्याला असलेल्या एखाद्या बारीक भोकातून झिरपत असेल, धूळ तर चोवीस तास पडतेच. त्यांनी पातेलं उचलून उजेडात धरलं, उलटंसुलटं करून पाहिलं. भोक नव्हतं. त्यांनी ते होतं तसं ठेवून दिलं. एकटी बाई, बारा वर्षं, एकच आशा. डोकं शाबूत राहिलं हेच नवल, असं त्यांना वाटलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

ते परत येऊन बसले तेव्हा पार्वतीनं मुद्द्यालाच हात घातला.

“तो जितो असा काय मेलेलो, ता माका कळूक व्हया. जितो असात, खय लपान बसलेलो असात, तर मी तेका कशी जाळू? आनी मेलेलो असात तर तेका किती दिस असो हिंडवू?” तिनं दोन्ही हात जमिनीवर टेकले. “तुमी पोलीस. तुमका कळता. तुमी सांगशात ता मी आयकतंय.”

इकडे आड, तिकडे विहीर. गोकुळदासांनी जन्मात खोटी साक्ष दिली नव्हती. खोटी साक्ष देणाऱ्यांना मात्र पुष्कळदा आत टाकलं होतं. पण दाराबाहेर, शेजारच्या ओसरीवर, अंकिता इकडेच कान लावून उभी होती आणि तिच्या ओढणीचं टोक त्यांना दिसत होतं. ते टोक ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. गोकुळदासांनी स्वतःची समजूत घातली. धाकू मेलेला आहे यात शंका नाही, बारा वर्षं कोण जिवंत माणूस असा राहतो? आपल्या बोलण्याची साल तेवढी खोटी आहे, गर खराच आहे. आणि या बाईला नुसतं ‘मेला असेल’ पुरणार नाही. तिला पाहिलेलं हवं.

“तो मेलो, पार्वती,” ते म्हणाले. “मी बघितलंय.”

ट्रक गेला. भांडी किणकिणली. पार्वती भांडी थांबेपर्यंत थांबली.

“खय?”

उत्तर त्यांच्या तोंडात तयार होतं, हेच त्यांना नंतर सगळ्यात जास्त लागलं. ते म्हणाले, डोंगरामागच्या जुन्या खाणीत, पाण्यात, पुढच्याच साली. हाडंच उरली होती, ओळख कागदावर पटवता आली नसती म्हणून वरिष्ठांनी गप्प बसायला सांगितलं. पण हातातल्या कड्यावरून मी ओळखला. नंतर ती खाण माती टाकून बुजवली. ही खाण त्यांनी नीट विचार करून निवडली होती. तिच्यावर आता काजूची झाडं वाढली होती, कोणी कधी खणून बघणार नव्हतं. आणि तिच्यात धाकू नव्हता, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं, कारण तिच्यातला फाटका टायर त्यांनीच वर काढला होता.

पार्वती रडली नाही. तिनं पदराचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, दोनदा पुसलं. मग ती म्हणाली की साहेबांनी लांबून यायची तसदी घेतली, आता चहा घेतल्याशिवाय जाऊ नये. चहा करताना तिचा हात जराही हलला नाही. गोकुळदास तो चहा कसा प्यायले ते त्यांना आठवत नाही. दारात अंकिता त्यांच्या पाया पडली, आणि त्यांना वाटलं की ही पोर आपल्या पायांवरून हात काढील तर बरं.

विधी अमावास्येला ठरला. ते गेले नसते तरी चाललं असतं, पण खोटी साक्ष देणाऱ्याला निकालाच्या दिवशी कोर्टात जाण्याची ओढ असते, तसं त्यांचं झालं.

ओढ्याकाठच्या मसणवटीत सकाळच्या उन्हात सगळी मंडळी जमली होती. फार नव्हती, विठू, शेजारचे चारदोन ड्रायव्हर, नवऱ्या मुलाकडचा एक काका. भटजींनी दर्भाचा आणि पळसाच्या वाळल्या पानांचा पुतळा केला होता. हात, पाय, छाती, सगळं पानांचं, डोक्याच्या जागी नारळ, वर पांढरं कापड. पुरुषभर उंचीचा, पण एका हातानं उचलावा इतका हलका. संकल्प सांगताना भटजी थांबले आणि त्यांनी विचारलं की मरण कशानं आलं, कुठे आलं, ते सांगावं लागतं. सगळे गोकुळदासांकडे बघायला लागले. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं. पाण्यात, डोंगरामागच्या खाणीत. या वेळी समोर माणसं होती, अग्नी होता, आणि त्यांचा आवाज त्यांनाच परक्यासारखा ऐकू आला.

पुतळा लाकडांवर ठेवला, वरून तूप ओतलं. विठूनं अग्नी दिला. आंब्याची सुकी लाकडं, लगेच धडधडून पेटली. वारा नव्हता. ज्वाळा सरळ वर चढल्या आणि सगळे मागे सरले.

पाचोळा तो, तूप प्यायलेला. एका भडक्यात राख व्हायला हवा होता. पण ज्वाळा खाली आल्या तेव्हा पुतळा तसाच होता. कापडाची कडसुद्धा काळवंडली नव्हती. विठूनं आणखी तूप ओतलं. पुन्हा जाळ उठला, पुन्हा खाली आला. खालची लाकडं निखारे होऊन ढासळली, आणि त्या निखाऱ्यांवर पानांचा माणूस आरामात उताणा पडून होता. एकानं काठीनं त्याला उलटा केला, तर पाठीकडचे दर्भ हिरवे होते. आणताना ते वाळलेले होते, सगळ्यांनी पाहिलं होतं.

गावात अशा वेळी बोलत नाहीत. भटजींनी मंत्र थांबवले, हातातली पळी खाली ठेवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले की ज्याच्यासाठी हे केलं त्यानं यात येऊन निजायचं असतं. तो आलेला नाही. मग एका ड्रायव्हरनं ट्रकातून घासलेटचा डबा आणला. त्या वासात आणि धुरात काय जळलं आणि काय नुसतं निखाऱ्यांत दाबलं गेलं, ते बघायला कोणी थांबलं नाही. नवऱ्या मुलाकडचा काका सगळ्यांच्या आधी निघाला. पण विधी झाला, असं तो जाताना म्हणाला, आणि अंकिताचं लग्न त्या वाक्यानं ठरलं.

बाया मसणात येत नाहीत. पार्वती वाटेवर, काजूच्या झाडाखाली उभी होती. पांढऱ्या कपाळाची पार्वती गोकुळदासांनी पहिल्यांदाच पाहिली आणि त्यांना ती ओळखू आली नाही. बाकीचे पुढं गेले तसा तिनं त्यांना हातानं थांबवलं.

“झाला?”

झालं, ते म्हणाले.

“पेटलो?”

त्यांनी मान खाली घातली. तिला बहुतेक तेवढंच हवं होतं.

तिनं सांगितलं ते असं. साहेब सांगून गेले त्याच्या पुढच्या पहाटे तो नेहमीसारखा आला. बारा वर्षं तिनं तोंड उघडलं नव्हतं, पण त्या दिवशी उघडलं. डोळे मिटूनच ती म्हणाली, तू आता ह्या पाण्यात न्हाऊ नको. तू मेलायस. साहेबांनी तुला पाहिलंय, डोंगरामागच्या बुजवलेल्या खाणीत. मोरीतला आवाज थांबला. तो न न्हाताच गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशी आला नाही. तिला वाटलं, सुटला. रडायला आलं तेही तेव्हाच. आणि आज पहाटे तो परत आला.

“आज मी डोळे उघडले, साहेबानू,” पार्वती म्हणाली. “आंगभर माती. आमची तांबडी न्हय. खालची, काळी... नखांत सुद्दा.”

गोकुळदासांना तिथून निघून जावंसं वाटलं.

“आनी तो बोललो.”

“काय?”

“म्हणालो, मी थय बघून इलंय.” तिचा आवाज पहिल्यांदा फुटला. “सगळी खणून बघलंय. थय मी नाय...”

ओढ्याच्या बाजूनं घासलेटचा धूर येत होता. ती डोळे पुसत राहिली. कपाळ पुसलं होतं त्याच हातानं, त्याच पदरानं.

“तेका सुद्दा खबर नाय, साहेबानू. बारा वर्सां तोय सोदताहा. माका म्हणालो, साहेबाक विचार, माका नक्की खय बघल्यानी?” मग अगदी शांतपणे, जसं घरातलं एखादं काम कोणावर सोपवल्याचं सांगावं तशी ती म्हणाली, “मी सांगलंय, साहेब आज येतले. तूच विचार.”

ती खाली मान घालून घराकडे निघून गेली. गोकुळदासांनी तिला हाक मारली नाही. मारून सांगणार काय होते?

परतीची बस त्यांना दुपार कलताना मिळाली. पाळी सुटायची वेळ, खाणीवरची लाल माणसं दारापर्यंत लोंबत होती. तरी मधल्या एका बाकावर खिडकीची जागा मिळाली आणि ते बसले. कंडक्टर ‘फुडें वचात, फुडें’ म्हणून ओरडत माणसांना आत ढकलत होता. माणसं एकमेकांच्या पायांवर उभी होती, डोक्यांवर पिशव्या, काखेत डबे. आणि गोकुळदासांच्या शेजारची जागा रिकामी होती. कोणी बसेना. त्यांनी ते पाहिलं आणि पुन्हा पाहायचं नाही असं ठरवून खिडकीबाहेर तोंड केलं.

पुढल्या थांब्यावर भाजीची टोपली घेऊन एक म्हातारी चढली. गर्दीतून वाट काढत त्या बाकापाशी आली, बसायला म्हणून वाकली, आणि तशीच सरळ झाली.

“बसल्यात न्हय?” ती त्या जागेकडे बघून ओशाळून म्हणाली. “म्हजें लक्ष नाशिल्लें, पुता.” आणि टोपली सावरून दांडीला धरून उभी राहिली.

गोकुळदासांच्या उजव्या दंडाला कोणाचा तरी दंड लागत होता. थंड नव्हता की उष्ण नव्हता. गाडी वळणावर कलली की तो जरा दाबला जाई आणि अदबीनं मागे सरे. कचेरीच्या बाहेरच्या बाकावर बसलेली गरीब माणसं तशी बसायची, साहेबांना आपला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून, साहेब कधी हाक मारतील त्याची वाट बघत. हे आठवलं आणि गोकुळदासांची भीती कुठच्या कुठे गेली. उरलं ते फार वाईट होतं. त्यांना रडू येत होतं.

“मी तुका खयच बघूक नाय रे, धाकू,” ते खिडकीच्या काचेला सांगावं तसं पुटपुटले. “मी खोटा सांगलंय.”

मग मागे पडणारी लाल झाडं बघत त्यांनी सगळं सांगितलं. गळ कुठे कुठे टाकला, कोणाकोणाला विचारलं, कुठला डोंगर राहून गेला. पुढं सांगण्यासारखं काही उरलं नाही. दंड दंडाला लागूनच होता.

डिचोलीच्या स्टँडवर गाडी थांबली. माणसं उतरली, म्हातारी उतरली, ड्रायव्हरही उतरून चहाला गेला. रिकाम्या गाडीत कंडक्टर मागून पुढे येत होता, तो या बाकाशी थबकला.

“बाब, शेवटचो स्टॉप.”

गोकुळदासांनी मान हलवली, पण ते उठले नाहीत. खिडकीशी बसलेल्याला उतरायचं तर बाहेरच्यानं आधी उठावं लागतं.